मजुरी कांडून द्या

मार्च सरता सरता माझ्या कांडपावर
मजुरी कांडायला येते.
पोत्यांतून येते. आणणारीच्या बोटांना
नखांच्या मुळाशी अजून आग असते,
म्हणून ती पैसे मोजताना ओठानं नोट ओढते
आणि मग ओठही पुसते पदरानं.

निर्गुणा मडावी काल रात्री उतरली ट्रकातून.
गोदावरीपलीकडं अठ्ठेचाळीस दिवस,
बावीस बाया एका ताडपत्रीखाली,
आणि येताना आपापल्या मजुरीवर बसून आल्या
गोंडपिपरीच्या फाट्यापर्यंत.

तिकडच्या मालकानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
रोख साडेतीनशे, की वाळलेली अडीच किलो?
तेव्हा बाजार एकशे ऐंशी होता.
निर्गुणा शाळेत चौथीपर्यंतच गेली,
पण हा गुणाकार तिनं
देठ खुडता खुडता केला :
साडेचारशे होतात, रोखीपेक्षा शंभर जास्त.
"मिरचीच द्या," म्हणाली.

आज भाव पंच्याण्णव.
सगळ्यांचीच मिरची एकाच आठवड्यात आली ना.
तीन पोती तीच, वजन तेच,
एकशे वीस किलो, मी स्वतः काटा लावला.
मधल्या मधे दहा हजार दोनशे कुठं गेले
ते मला विचारू नका,
मी फक्त मोटर चालवतो.

"अन् तिकडच्या बाया," ती सांगून राहिली,
"आम्हाला पाहून थुंकत होत्या जी.
म्हणे, महाराष्ट्राच्या आल्या, रेट पाडला.
आम्ही काय पाडला? जे देल्लं ते घेतलं."

मी हॉपरमध्ये घमेलं ओततो.
पट्टा करकरतो.
दोघंही शिंकतो आणि थोडा वेळ कोणीच बोलत नाही.

मग ती विचारते, "माझ्या मागं लाखोळी कोणं उपटली?"
"छत्तीसगडच्या आल्या होत्या. एकशे साठनं."
"एकशे साठ?"
तिचा हात पोत्याच्या तोंडावर थांबतो.
"आम्ही दोनशे घेत होतो न हो.
या बायांनी रेट पाडला."

मी तिच्याकडं पाहतो.
तिला ऐकू आलं असावं स्वतःचंच वाक्य,
कारण ती उगाच सुतळी सोडते,
पुन्हा बांधते, गाठ बसत नाही.

एवढ्यात दारात एक बाई.
कडेवर पोर, हातात स्टीलचा डबा.
पाटलाच्या गोठ्याशी उतरल्यात, त्यांच्यातली.
नाव फुलमत, मला ठाऊक आहे,
दोनदा तांदळाचं पीठ नेलं तिनं.
ती लाल ढिगाकडं बोट करते.
"कतका?"
"पाव किलोचे साठ."
"साठ!" म्हणते, आणि डब्याचं झाकण लावून टाकते.

माझा हिशेब सरळ आहे :
मिरची, घट, वीज, जाते, माझी शिंक.
पण साठ म्हणजे तिचे तीन तास वाकलेले,
आणि त्याच साठातले चोवीस
निर्गुणाच्या पोत्याचे.
एकीला महाग, दुसरीला स्वस्त,
आणि मधे मी, लाल पापण्यांचा.

"पन्नास कर," निर्गुणा म्हणते.
कोणाला म्हणते? मला.
"माझी मिरची आहे ते. पन्नास कर तिला."
"मग तुझी कांडणावळ?"
"पैसे कुठून आणू? मिरचीच घे न."

झालं. घेतली.
घरी आधीच सात डबे भरलेत असल्या कांडणावळीनं.
बायको म्हणते, वीजवाल्या साहेबाला
बिलात एक डबा नेऊन दे,
पाहू घेतो का.

फुलमतनं पन्नासची नोट दिली, ओलसर, चार घड्यांची.
पोरानं हात घातला डब्यात
आणि दोघी एकदम ओरडल्या,
आपापल्या भाषेत,
"डोळ्याला लावू नको."